तान्ह्यांसह आगबोटीने

येत्या नाताळात मुंबईहून गोव्यास बोटीने जाण्याचा आमचा बेत आहे. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा. बेत ठरला तशी आई गप्प झाली. तिचे आजोळ रेवसकडचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली, हे ऐकतच ती वाढली.

तिला भित्री म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. आपल्याकडे तयारी म्हणजे स्वेटर, दुधाची भुकटी आणि चिवड्याचे डबे! माझ्या मते पहिली तयारी जीवरक्षक जाकिटाची. तान्ह्याच्या मापाचे जाकीट बोटीवर आहे ना, हे तिकिटाआधी विचारावे. आणि प्रवासाच्या आरंभीची संकटकाळची कवायत कंटाळवाणी वाटली तरी मूल कडेवर घेऊन पुरी करावी. सहा महिन्यांखालील मुलांना पुष्कळ कंपन्या घेतच नाहीत, ते योग्यच.

मग खोली. तंबोऱ्याची तार मधोमध सर्वांत अधिक हलते, बोटीचे उलट. मध्यभागी, खालच्या मजल्यावर डोलणे कमी. दोन वर्षांखालील मुलांना बोट लागणे क्वचित, पुढे मात्र पुष्कळ. तेव्हा काळजी थोरलीची.

रात्रीचे जलसे मात्र सोडावेत. दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या मला हे जड जाते. पण मुलांची झोप मोडून ऐकलेले गाणे कानांत टिकत नाही.

काल आईने विचारले, "त्या जाकिटाचे बंद पुढून बांधतात की मागून?"