सुट्टी मे महिन्यात, पण पाऊस कोणत्या किनाऱ्यावर?

आमच्या घरात समुद्राचे नाव निघाले की सासूबाई उठून आत जातात. नऊ वर्षांपूर्वी माझ्या दिरांचा मुलगा मित्रांबरोबर कोकणात सहलीला गेला होता. ओहोटीची वेळ होती आणि त्या मुलांपैकी कुणालाच धड पोहता येत नव्हते. संध्याकाळी फोन आला. तो सतरा वर्षांचा होता. त्यानंतर आमच्या सगळ्या सुट्ट्या पाहुण्यांकडे, लग्नात, फार तर महाबळेश्वरला गेल्या. माझी दोन्ही मुले गुडघाभर पाण्यातसुद्धा कधी उतरली नव्हती.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लेकीने विषय काढला. ती नववीत होती. "अम्मी, दहावीचे क्लास सुरू व्हायच्या आत एकदा कुठेतरी जाऊ या. नुसते बघायला नको, काहीतरी करायला." तिला जंगल हवे होते, गड चढायचा होता आणि नदीत राफ्टिंग करायचे होते. सातवीतल्या धाकट्याला हत्ती आणि शार्क एकाच सहलीत पाहिजे होते. मिस्टरांनी हिशेब मांडला. माझी दोन वर्षांची भिशी आणि त्यांचा बोनस धरून सव्वादोन लाखांच्या आसपास जमत होते. तेवढ्यात चौघांना जाता येईल असा जवळचा परदेश म्हणजे श्रीलंका. मुंबईहून थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. घड्याळसुद्धा पुढे-मागे करावे लागत नाही, दोन्हीकडची वेळ एकच.

सासूबाईंना सांगायचे काम माझ्याकडे आले. मी म्हटले, "अम्मा, श्रीलंका म्हणजे आपल्या जुन्या किताबांतले सरंदीप." त्या थांबल्या. "वो आदम बाबा का सरंदीप?" तेच. तिथे २,२४३ मीटर उंचीचे शिखर आहे. हजरत आदम तिथे उतरले, अशी जुनी समजूत आहे. इब्ने बतूता १३४४ साली ते शिखर चढून गेला होता. बौद्ध आणि हिंदू भाविकही तिथे आपापल्या श्रद्धेने जातात. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि एकच वाक्य बोलल्या, "पहाड चढो, जंगल फिरो, पानी के पास नको जाव."

आता बेटावर जायचे आणि पाण्याजवळ जायचे नाही, हे कसे जमणार? ही सहल आखताना मी जे शिकले, ते या महिन्यात तुमच्यासमोर ठेवते.

पहिला धडा: आधी पावसाचा नकाशा, मग बुकिंग

शहरातल्या एका एजंटाने आम्हाला मे महिन्याचे स्वस्त पॅकेज दाखवले. दक्षिण किनाऱ्यावर हॉटेल, मिरिसाला बोटीतून देवमासे बघायचे आणि वर एक रात्र मोफत. मिस्टर आगाऊ रक्कम भरायला निघाले होते. लेक तेव्हा भूगोलाचे पुस्तक घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अब्बू, मे महिन्यात तिकडे पाऊस असतो."

तिचे बरोबर होते. श्रीलंकेत पावसाळे दोन. नैऋत्य मोसमी वारे मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो, गॉल, मिरिसा हा भाग भिजवतात. मध्ये डोंगररांगा आड येतात, त्यामुळे पूर्व किनारा तेव्हा कोरडा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडून वारे येतात आणि चित्र उलटे होते. म्हणजे मे महिन्यात मिरिसाचा समुद्र खवळायला लागतो, देवमाशांचा हंगाम तिथे एप्रिलपर्यंत संपत आलेला असतो, आणि त्याच वेळी पूर्वेकडे त्रिंकोमालीचा समुद्र शांत होत असतो. पॅकेज स्वस्त का होते, ते कळले.

आपल्याकडे बहुतेक कुटुंबे मुलांच्या सुट्टीनुसार फिरतात. मे महिन्यात जाणार असाल तर पूर्व किनारा निवडा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर दोन पावसाळ्यांच्या मधला काळ असतो, बेटावर कुठेही पाऊस येऊ शकतो. नाताळच्या सुट्टीत दक्षिण आणि पश्चिम किनारा चांगला. डोंगराळ भागाबद्दल मात्र मे महिन्याच्या उत्तरार्धात विशेष जपा. मे २०१६ आणि मे २०१७ मध्ये याच दिवसांत पूर आला, दरडी कोसळल्या आणि २०१७ मध्ये दोनशेहून अधिक माणसे गेली. आम्ही म्हणून महिन्याचा पहिला पंधरवडा धरला. बकरी ईदच्या आत परतायचेही होतेच.

दुसरा धडा: पोहणे शिकायला चार महिने लागतात

राफ्टिंगवाले सांगतात की लाइफ जॅकेट असते, पोहता आले नाही तरी चालते. नियमाच्या दृष्टीने ते खरे असेल. पण पाण्याला घाबरणारे मूल बोटीतून पडले की जॅकेट असूनही हातपाय गाळते, नाकातोंडात पाणी जाते. सासूबाईंच्या मनाविरुद्ध जायचे तर निदान त्यांच्या भीतीचे कारण तरी दूर करायला हवे, असे मला वाटले.

गावातल्या तलावावर महिलांसाठी सकाळी वेगळी वेळ आहे आणि शिकवायला बाईच आहेत. लेकीबरोबर मीही नाव घातले. वय त्रेचाळीस. पहिले दोन आठवडे मी कठडा सोडला नाही. माझ्या वर्गातल्या मुलीची आई शेजारून सरळ पोहत जायची आणि मी बुडबुडे काढत उभी. मुलगा वडिलांबरोबर संध्याकाळी जायचा. रमजानमध्ये महिनाभर खंड पडला. एप्रिलअखेर लेक न थांबता तलावाच्या चार फेऱ्या मारू लागली आणि मी पाठीवर पडून शांतपणे तरंगायला शिकले. बाई म्हणायच्या, "आधी तरंगा. जीव तरंगल्याने वाचतो."

समुद्राचे दोन नियमही त्यांनीच शिकवले. परतीची ओढ आत नेऊ लागली तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. दमछाक तिथेच होते. किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग वळा. आणि जॅकेट मुलाच्या मापाचेच घ्या. खांद्याला धरून वर उचलून बघा. ते कानापर्यंत सरकले तर ते जॅकेट नको.

कपड्यांचेही सांगते, कारण अनेक मुली याच कारणाने पाण्यात उतरत नाहीत. सुती सलवार-कमीज भिजली की जड होते आणि ओढणी पाण्यात धोकादायक ठरते. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख आणि डोक्याला घट्ट बसणारी टोपी आता सहज मिळते. लेकीने आणि मी तोच घेतला. उन्हापासूनही अंग वाचले.

तिसरा धडा: कागद

पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षे चालतो. धाकट्याच्या पासपोर्टला जेमतेम चार महिने उरले होते आणि प्रवासाला सहा महिने लागतात. धावपळ करून नवा काढला. श्रीलंकेसाठी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते. तिची फी आणि नियम बदलत असतात, म्हणून सरकारी संकेतस्थळावरच बघा. विमा घेताना मिस्टरांनी बारीक अक्षरे वाचली. राफ्टिंग आणि डायव्हिंग साध्या प्रवास-विम्यात धरलेच नव्हते. थोडे जास्त पैसे भरून ते घातले. सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरियासारख्या ठिकाणी तिकिटात सवलत मिळते, त्यामुळे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. औषधांत ओआरएस आणि डासांचे मलम न विसरता घ्या. मलेरिया तिथून हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जाहीर केले. पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो.

आम्ही काय केले

विमानतळावरून व्हॅन करून थेट सिगिरियाला गेलो. जंगलाच्या मधोमध दोनशे मीटर उंचीचा एकच कातळ, त्यावर पाचव्या शतकातल्या कश्यप राजाचा महाल. पायऱ्या सुमारे बाराशे. सकाळी दार उघडताच चढायला लागा. नंतर कातळ तापतो. वाटेत गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तिथे गप्प राहण्याच्या पाट्या लावल्या आहेत. धाकटा आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास बोलला नाही. जुहरच्या आत खाली उतरून आराम, दुपारनंतर जीपमधून हत्ती. मिन्नेरियाला हत्तींचे मोठे कळप जमतात ते जुलै ते सप्टेंबरमध्ये. आम्हाला नऊ दिसले, तेवढे पुरले.

पुढचे तीन दिवस त्रिंकोमालीजवळ निलावेलीला. समोर किलोमीटरभरावर पिजन आयलंड आहे, ते सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून तरंगायचे आणि खाली प्रवाळ बघायचे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही. काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क तिथे फिरतात, माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत. धाकट्याने दोन बघितले. मी पाठीवर नव्हे, पोटावर तरंगत होते आणि खाली मासे होते. पुतण्याची फार आठवण झाली. मिस्टर बोटीत परत आल्यावर बराच वेळ टॉवेल तोंडावर धरून बसले. मी काही विचारले नाही.

खाण्याची काळजी करू नका. श्रीलंकेत जवळपास दहा टक्के लोक मुसलमान आहेत, बहुतेकांची भाषा तमीळ. त्रिंकोमालीजवळची किन्निया, मुतूर ही गावे प्रामुख्याने त्यांचीच. हलाल जेवण मिळते, मशिदी जवळ आहेत. आपल्या शिरवळ्यांसारखे इडिअप्पम आणि मटणाचा रस्सा मुलांना आवडला. नारळाचे दूध, गूळ आणि अंडी घालून केलेले वटलाप्पम मला आवडले. ते तिथे ईदला करतात.

आदम शिखर आम्ही सोडले. तिथली यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वेसाक पौर्णिमेपर्यंत असते, पाच हजारांहून जास्त पायऱ्या रात्री चढाव्या लागतात. एका सहलीत सगळे बसवायचे नसते.

शेवटचा दिवस कितुलगलाचा. केलनी नदी, राफ्टिंग, लेकीचे सहा महिन्यांचे स्वप्न. हे गाव बेटाच्या ओल्या बाजूला आहे, हे मला माहीत होते; महिन्याच्या सुरुवातीला जमेल असा आमचा अंदाज होता. आदल्या रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी नदी तपकिरी झाली होती, मधोमध लाकडे वाहत होती. ज्यांच्याकडे आम्ही पैसे भरले होते ते म्हणाले, दुपारी बघू. शेजारचे दुसरे लोक मात्र पर्यटकांना बोटीत बसवत होते.

धाकटा रडवेला झाला. लेक म्हणाली, "अम्मी, आम्ही पोहायला शिकलो ना? मग कशासाठी शिकलो?" प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटले, "पोहता येते म्हणून तर तुला या पाण्याकडे बघून ठरवता येते. तूच सांग, तलावात शिकलेले इथे चालेल?" तिने बराच वेळ नदीकडे बघितले. मग तिनेच जॅकेट काढून ठेवले. आगाऊ भरलेले निम्मे पैसे परत मिळाले नाहीत. गाडीत कोलंबोपर्यंत कुणी बोलले नाही.

रात्री सासूबाईंचा फोन आला. लेकीनेच सांगितले, पिजन आयलंडचे आधी आणि नदीचे नंतर. समुद्रात उतरल्याचे ऐकून पलीकडे शांतता पसरली. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात आवाज आला, "नदी में नहीं गए, अच्छा किए. अगले साल सूखे दिनों में जाव."

आमच्या तलावावर महिलांची नवी तुकडी पुढच्या महिन्यात सुरू होते. तुमच्या गावातही असेल, चौकशी करून ठेवा. तिकिटे नंतर काढता येतील.