वाद मैदानावर, उत्तर नियमपुस्तकात

खास प्रतिनिधी

सावेडी : पंचांचा निर्णय मान्य नसलेल्या खेळाडूने काय करावे, हा प्रश्न नगरकरांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये डोळ्यांदेखत पाहिला. सावेडीपासून जवळच असलेल्या वाडिया पार्कवर ६७ वी महाराष्ट्र केसरी स्पर्धा रंगली होती. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने चितपट केल्याचा निर्णय शिवराज राक्षेला अमान्य होता. निर्णय पुन्हा तपासावा, ही त्याची मागणी होती. वाद वाढला आणि त्याने पंचांना लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. शिक्षा झाली, पण तक्रारीची दाद कोठे मागायची, हा मूळ प्रश्न मागे उरलाच. नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर शोधायला क्रिकेटला तीन दशके लागली. त्या प्रवासात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे.

फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. कर्णधार सुनील गावसकर ७० धावांवर खेळत असताना डेनिस लिलीच्या चेंडूवर त्यांना पायचीत ठरविण्यात आले. चेंडू आधी बॅटला लागला, असे त्यांचे म्हणणे होते. संतापलेल्या गावसकरांनी सहकारी चेतन चौहान यांनाही आपल्याबरोबर चालायला लावले. संघव्यवस्थापक दुराणी यांनी सीमारेषेवर चौहान यांना रोखले, म्हणून सामना वाचला. पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत गुंडाळून भारताने ५९ धावांनी विजय मिळविला. आपल्या त्या कृतीबद्दल गावसकरांनी नंतर खेद व्यक्त केला.

योगायोग असा, की त्याच मैदानावर अवघ्या काही दिवसांपूर्वी, १ फेब्रुवारीला दुसरा वाद झाला होता. बरोबरीसाठी न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या होत्या. कर्णधार ग्रेग चॅपेल यांच्या सांगण्यावरून ट्रेव्हर चॅपेल यांनी चेंडू जमिनीवरून सरपटत सोडला. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. पण दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी निषेध केला आणि एकदिवसीय सामन्यांत अशा गोलंदाजीवर लवकरच बंदी आली. सरपटी चेंडूची पळवाट एका वाक्याने बुजविता आली. गावसकरांचे गाऱ्हाणे मात्र पंचाच्या नजरेबद्दल होते. त्यासाठी अख्खी व्यवस्थाच बदलावी लागणार होती.

पहिला बदल पंचांच्या नेमणुकीत झाला. यजमान देशाचेच पंच असल्यामुळे पाहुण्या संघाच्या मनात संशय कायम असे. १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडिज यांच्यातील लाहोर कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी या भारतीय पंचांना पाचारण करण्यात आले. तटस्थ पंचांच्या आधुनिक प्रथेचा तो आरंभ होता. १९९४ पासून कसोटीत एक, तर २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ असावेत, असा दंडक झाला.

दुसरा बदल कॅमेऱ्याने घडविला. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान कसोटीत सचिन तेंडुलकर धावबाद झाला. तो निर्णय तिसऱ्या पंचाने पडद्यावर पाहून दिला होता; या पद्धतीने बाद झालेला सचिन पहिलाच फलंदाज. पण झेल आणि पायचीत यांबाबत खेळाडूला दाद मागण्याची सोय नव्हती. जानेवारी २००८ च्या सिडनी कसोटीत सायमंड्स ३० धावांवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊनही बचावला आणि नाबाद १६२ पर्यंत पोहोचला. भारत हरला. पुढच्या कसोटीतून पंच स्टीव्ह बकनर यांना वगळण्यात आले. त्याच वर्षी भारत-श्रीलंका मालिकेत निर्णयाच्या फेरविचाराची, म्हणजे डीआरएसची, पहिली चाचणी झाली.

गंमत अशी, की अन्यायाची तक्रार करणाऱ्या भारतालाच ही पद्धत नकोशी झाली. त्या मालिकेत भारताच्या बहुतेक मागण्या फेटाळल्या गेल्या. क्रिकेट मंडळाने २०१६ पर्यंत तिला विरोध केला. दाद मागण्याची सोय मिळाली, की आपणच चुकीचे ठरण्याची शक्यताही स्वीकारावी लागते. ते पचविणे जड जाते.

कधी नियम योग्य असूनही माणूसच बदनाम होतो. १९४७ मध्ये सिडनीत विनू मंकड यांनी, चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीझ सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावबाद केले. त्याआधी त्यांनी त्याला ताकीदही दिली होती. तरीही पुढे मुंबईकडून रणजी खेळलेल्या या थोर अष्टपैलूचे नाव पंचाहत्तर वर्षे हेटाळणीसाठी वापरले गेले. अखेर २०२२ मध्ये एमसीसीने हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या नियमातून काढून ‘धावबाद’च्या नियमात नेला. गावसकरांनीही या बाद होण्याला मंकड यांचे नाव जोडण्यास आक्षेप घेतला होता.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पंचाशी हुज्जत घालणाऱ्यास क्रिकेटमध्ये आजही दंड होतो. तो सैल झालेला नाही. मात्र दंडाच्या जोडीला फेरविचाराची मोजकी, वेळेत वापरायची संधी देण्यात आली. त्यामुळे राग व्यक्त करण्याऐवजी मागणी नोंदविता येते. नुसत्या बंदीने पंचाचा मान राखला जातो, पण निर्णयावरचा विश्वास वाढत नाही. वाडिया पार्कवरील प्रसंगानंतर कुस्तीच्या कारभाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

आणि विचार केवळ मोठ्या स्पर्धांपुरता नाही. सावेडीच्या मोकळ्या मैदानांवर टेनिस चेंडूचे सामने होतात, तेथे पुष्कळदा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच खेळाडू पंच म्हणून उभा राहतो. कॅमेरा तेथे परवडणारा नाही. पण त्रयस्थ पंच नेमणे आणि वाद झाल्यास अंतिम शब्द कोणाचा, हे नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांनी ठरवून घेणे, याला पैसा लागत नाही. आयोजकांनी एवढे केले, तरी पुष्कळ भांडणे टळतील.