झाड लावणे आणि जंगल राखणे

पाच जून जवळ आला की वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास येते. कंपनीचे साहेब रोपट्याला पाणी घालत आहेत आणि मागे पर्यावरण दिनाचा फलक. मुले ते कात्रण वहीत चिकटवतात. चिकटवू द्यावे. पण पुढचा प्रश्नही त्यांना शिकवावा : या रोपट्याचे पुढे काय झाले?

आता काही कंपन्या याच्याही पुढे गेल्या आहेत. स्वतःचा धूर पुरेसा कमी न करता त्या दूरच्या देशातले एखादे जंगल राखण्यासाठी पैसे देतात आणि हिशेब फिटला म्हणतात. याला कार्बन क्रेडिट हे नाव आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’ आणि त्याच्या सहकारी माध्यमांनी याची तपासणी छापली. व्हेरा या मोठ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या वर्षावनांच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिटमागे खरी कार्बनबचत नसावी, असे त्यात म्हटले होते. व्हेराने ते मान्य केले नाही. वादाचा मुद्दा मात्र घरातल्या बाईलाही कळेल असा आहे : जे जंगल तुटणारच नव्हते, ते आम्ही वाचवले असे कसे म्हणायचे?

मग जंगल राखणे कशाला म्हणावे? उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती होता. एप्रिल २०११ मध्ये तो अधिकार ग्रामसभेकडे आला. जिल्ह्यातला जो बांबू वर्षानुवर्षे कराराने कागद कारखान्याकडे जात होता, तो आता गाव स्वतः विकू लागले.

गाव जंगल ओरबाडील, ही भीती अनेकांना होती. पण ज्यांना उद्याही तिथेच राहायचे आहे, ते बेट मुळापासून का तोडतील? बांबू हे गवतच. पक्का तोडला आणि कोवळा राखला, तर पावसाळ्यात त्याच बेटातून नवे कोंब येतात. मेंढ्यात असे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात.

उर्दूत आपण अमानत म्हणतो. अमानत जपणारा ती वापरू शकतो, संपवू शकत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कंपनीची हिरवी जाहिरात दिसली की मुलांसोबत बसून तीन गोष्टी विचारा. कारखान्याचा धूर किती कमी झाला? लावलेल्या झाडांपैकी तीन वर्षांनी किती जगली? आणि त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना कोणी विचारले होते का? उत्तरे छायाचित्रात सापडणार नाहीत. ती मागावी लागतील.