मुलाखतीला जाणारा चेहरा

गेल्या महिन्यात इतवारीतील एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या कन्येने ‘नीट’ परीक्षेत चांगले गुण मिळविले आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडून तिला चाचणी व मुलाखतीचे बोलावणे आले. घरात आनंदीआनंद झाला, पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाई एक ट्यूब घेऊन आल्या. “वर्षभर उन्हातान्हातून शिकवणीला जाऊन पोर काळवंडली आहे. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यांसमोर अशी कशी पाठवायची? रात्री लावायची, आठ-दहा दिवसांत चेहरा उजळतो,” असे त्यांचे म्हणणे. ट्यूब ओळखीच्या ब्यूटी पार्लरमधून आणलेली. मुलगी लावायला तयार नाही, सासूबाई जावेच्या बाजूने आणि मुलीचे वडील तटस्थ. ‘फक्त मुलाखतीपुरतीच लावली तर काय बिघडते?’ हा भगिनींचा प्रश्न.

वेळ थोडा असल्यामुळे त्यांना उत्तर तत्काळ कळविले. परंतु हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक साधी गोष्ट. आपल्या बहुतेक मुलांना वैद्यकीय प्रवेशासाठी कोणासमोरही बसावे लागत नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, इतवारीजवळचे मेयो असो किंवा मिहानमधील एम्स असो, तेथे ‘नीट’ची गुणवत्ता, प्रवर्ग आणि पसंतीक्रम यांवरच प्रवेश ठरतो. पुण्याचे हे महाविद्यालय त्याला अपवाद आहे. तेथून बाहेर पडणारा डॉक्टर सैन्याच्या वैद्यकीय सेवेत रुजू होतो, म्हणून ‘नीट’च्या गुणांनंतरही निवडक उमेदवारांना बोलावून त्यांची वेगळी चाचणी व मुलाखत घेतली जाते आणि निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणीही होते. म्हणजे आपल्या मुलीच्या चेहऱ्याकडे जे पाहणार आहेत, त्यांत डॉक्टर आहेत. औषधाने उजळविलेला चेहरा जगात कोणाला चटकन ओळखता येत असेल, तर तो डॉक्टरांनाच. जाऊबाईंच्या हिशेबात ही बाब आलेली दिसत नाही.

आता त्या ट्यूबविषयी. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीनपैकी काही असते. पहिला प्रकार म्हणजे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टेरॉइड यांचे मिश्रण. अमेरिकेतील क्लिगमन व विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये अशा तिहेरी मिश्रणाचे सूत्र प्रसिद्ध केले. वांगासारख्या विकारावर ठरावीक काळासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरावयाचे ते औषध. आपल्याकडे ते गोरेपणाचे मलम म्हणून घरोघर शिरले. दुसरा प्रकार निव्वळ स्टेरॉइडच्या मलमाचा. तिसरा प्रकार सर्वांत भयंकर, कारण त्यात पारा असतो.

स्टेरॉइडची गंमत अशी की ते पहिल्या आठवड्यात फसवते. त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बारीकसारीक दाह शमतो, चेहरा स्वच्छ व फिकट दिसू लागतो. घरातील सर्व जण म्हणतात, बघा, गुण आला. मग त्वचा पातळ होऊ लागते, गालांवर तांबड्या रेषा उमटतात, मुरमे येतात, कित्येक मुलींच्या हनुवटीवर व गालांवर लव वाढते. मलम थांबवावे तर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, आग होते, म्हणून पुन्हा मलम लावावे लागते. ‘फक्त मुलाखतीपुरतीच’ हा शब्दप्रयोग येथे टिकत नाही. लावणे आपल्या हाती असते, सोडणे राहत नाही.

हे केवळ भय घालण्यासाठी सांगत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी देशातील अनेक केंद्रांत मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइडची मलमे वापरत होते. त्यांतील सुमारे २९ टक्क्यांनी ते गोरेपणाचे किंवा दाढीनंतर लावावयाचे मलम म्हणून घेतले होते. जवळजवळ ६० टक्क्यांना ते डॉक्टरांखेरीज अन्य कोणी सुचविले होते, आणि ९० टक्क्यांहून अधिक जणांच्या चेहऱ्यावर दुष्परिणाम आढळले. यानंतर २०१८ मध्ये केंद्र शासनाने स्टेरॉइडयुक्त मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. औषधांच्या व्यवसायात असलेल्या आपल्या बंधूंना हा नियम ठाऊक आहे. काउंटरवर ओळखीचा गिऱ्हाईक आला आणि “ती गोरी होण्याची ट्यूब द्या” म्हणाला, तर हात कोठे थांबवावा, हा प्रश्न मी त्यांच्यासमोरही ठेवतो.

पाऱ्याची कथा आपल्या विदर्भातलीच आहे. २०२३ च्या प्रारंभी अकोल्याच्या एका कुटुंबाची हकिगत वृत्तपत्रांत आली. विद्यार्थिनी असलेली मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी हा आजार कसा, याचा शोध मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी घेतला आणि धागा गोरेपणाच्या मलमापर्यंत जाऊन पोहोचला. ते मलम स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेले होते व त्यात पाऱ्याचे प्रमाण प्रचंड होते. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनाही असेच आढळले. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत एक विरळा प्रकार दिसला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरत होते. २०२४ मध्ये मूत्रपिंडविज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुदैवाने मलम बंद केल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या क्रियेलाच अडथळा आणतो, म्हणून रंग फिका पडतो. परंतु तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात साठतो. त्याची वाफही होते. मलम लावणारी एक, आणि त्याच खोलीत झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही त्याचा उपद्रव. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या प्रसाधनात पारा मुद्दाम घालण्यास बंदी आहे. नकळत आलेला अंशही दशलक्ष भागांत एक भाग याहून अधिक चालत नाही.

येथे व्यापारी म्हणून आपल्याला एक विचारावेसे वाटते. सराफा ओळीत कोणी हॉलमार्कवाचून दागिना दाखविला तर आपण हातात तरी घेऊ काय? एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांकाखेरीज हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, हे आपल्या घरातील शाळकरी मुलालाही माहीत आहे. किराणा ओळीत आपण हळदीची चिमूट तळहातावर चोळून पाहतो, मालाचे बिल मागतो, पोत्यावरची खूण वाचतो. आणि मुलीच्या चेहऱ्याला लावावयाचा माल मात्र बिलावाचून, खोक्यावाचून, कधी तर नुसत्या पांढऱ्या डबीत भरून घेतो! प्रसाधनाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि मुदत असली पाहिजे. माल परदेशी असेल तर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. जाऊबाईंनी आणलेल्या ट्यूबवर यांतले काय आहे ते पाहावे, असे मी भगिनींना कळविले. त्यांचे उत्तर आले की परदेशी लिपीतील काही अक्षरे आहेत, बाकी काही नाही. मग पुढे बोलण्यासारखे उरतेच काय?

पण खरी अडचण ट्यूबची नाही. पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. ‘नीट’ मे महिन्यात होते, पुण्याचे बोलावणे त्यानंतर काही आठवड्यांनी येते. परीक्षा झाल्यावर मुलगी घरीच होती, असे भगिनी स्वतः लिहितात. आपल्या कातडीचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो आणि उन्हाने आलेला रापही काही आठवड्यांत हळूहळू ओसरतो. म्हणजे नागपूरच्या वैशाखातील उन्हाने जे काळवंडायचे ते काळवंडून बव्हंशी निवळलेही. जे शिल्लक आहे आणि जे पुसून टाकण्यासाठी ट्यूब आणली आहे, तो उन्हाचा राप नव्हे. तो त्या मुलीचा जन्मजात वर्ण आहे. मुलगी ट्यूब लावायला तयार नाही, ती बहुधा हे समजूनच.

जाऊबाईंना दोष देण्याची माझी इच्छा नाही. त्यांनी आपल्या समाजात जे पाहिले तेच त्या सांगत आहेत. उजळ मुलीला स्थळ लवकर येते, सावळ्या मुलीच्या आईला दोन वाक्ये अधिक बोलावी लागतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. गोरेपणाचे एक प्रसिद्ध मलम १९७५ पासून आपल्या देशात विकले गेले. २००५ मध्ये पुरुषांसाठीही तसे मलम आले. त्या जाहिरातींत सावळी मुलगी नोकरीच्या मुलाखतीत मागे पडे आणि मलम लावल्यावर तिला नोकरी मिळे. २०२० मध्ये जगभर टीका झाल्यावर त्या पहिल्या मलमाच्या नावातील ‘गोरे’ हा अर्थाचा शब्द गेला, आणि त्याच वर्षी विवाह जुळविणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. आपल्या परिचयपत्रकांत मात्र शिक्षण, उंची, गोत्र यांच्या शेजारी ‘वर्ण’ हा रकाना अजून आहे, आणि त्यात ‘गोरा’, ‘निमगोरा’, ‘गव्हाळ’ यांखेरीज चौथा शब्द लिहिण्याचे धैर्य क्वचितच कोणाला होते. जाऊबाईंनी वैद्यकीय मुलाखत आणि मुलगी पाहण्याचा कार्यक्रम यांत गल्लत केली, एवढेच. ती गल्लत त्यांच्या एकटीची नाही.

मौज अशी की गौरवर्णीयांच्या देशांत नेमके याच्या उलट चालते. तेथील कित्येक तरुण त्वचा किंचित सावळी दिसावी म्हणून यंत्राच्या दिव्याखाली झोपतात. फिकट चेहरा त्यांना आजारी वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये अशी यंत्रे निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदविली आणि ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. आपल्या मुलीला निसर्गाने जे फुकट दिले आहे त्यासाठी तेथे पैसे आणि आयुष्य खर्ची पडते. सावळ्या त्वचेतील तेच रंगद्रव्य सूर्यकिरणांपासून काही प्रमाणात संरक्षणही देते.

मग मुलाखतीपूर्वी काहीच करू नये काय? करावे, पण साधे. चेहरा सौम्य साबणाने धुवावा, त्वचा कोरडी असेल तर साधे मॉइश्चरायझर लावावे. दिवसा बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन, आणि दुचाकीवर आपला नागपुरी दुपट्टा. बेसन-हळदीला हरकत नाही, मात्र त्यात लिंबू पिळू नये. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि डाग पडतात. पार्लरमधील ब्लीचने मुख्यतः चेहऱ्यावरील लव फिकी होते, त्वचेचा वर्ण बदलत नाही, आणि ऐनवेळी पुरळ आले तर पंचाईत. मुलाखतीच्या पंधरा दिवस आधीपासून कोणतीही नवी वस्तू चेहऱ्याला लावू नये. मुरमांचा खरोखर त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

उरलेला वेळ बोलण्याच्या सरावाला द्यावा. सैन्यातच डॉक्टर का व्हायचे, घरापासून दूर सीमेवर राहता येईल का, दुकानदारीच्या घरातून आलेल्या मुलीला हे कसे सुचले, असे प्रश्न तिला विचारले जाऊ शकतात. तटस्थ असलेल्या वडिलांनी रोज संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर अर्धा तास समोर बसून हे प्रश्न विचारावेत. तिला अडखळू द्यावे, मध्येच उत्तर सुचवू नये. काकूंनाही त्यात बसवावे. मुलीचा आवाज स्थिर होत गेलेला पाहिला म्हणजे ट्यूबचा विषय घरात पुन्हा निघणार नाही, असे मला वाटते.

ज्यांच्या घरी अशी ट्यूब आधीच वापरात आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. बरेच दिवस लावत असल्यास घाबरून एकाएकी फेकून देऊ नये. ट्यूब आणि असेल तर खोकाही घेऊन लवकरात लवकर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, सोडण्याची रीत तेच सांगतील. ट्यूबवर उत्पादकाचे नावच नसेल तर ती त्या क्षणापासून लावू नये, एका पिशवीत घट्ट बांधून मुलांपासून दूर ठेवावी आणि डॉक्टरांकडे न्यावी. पायांवर सूज येत असेल किंवा लघवीला फार फेस येत असेल तर लघवीतील प्रथिनांची तपासणी विलंब न करता करून घ्यावी, आणि डॉक्टरांना मलमाविषयी आपण होऊन सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही. निनावी मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात करता येते.