कर्जाच्या अर्जावर जंगलाचा रकाना

आमच्याकडे बँकेचा विषय निघाला की चर्चा व्याजापाशी सुरू होते आणि व्याजापाशीच संपते. हलाल की हराम? प्रश्न रास्तच आहे. पण बँकेचा पैसा घेणारा त्यातून जंगल तोडतो की नदी अडवतो, हे कुणी विचारत नाही. जमीन-पाणीही आपल्याकडे अमानतच आहे ना?

सरकारी विकास बँकांना तर हे आधी विचारायला हवं. त्यांचा मालक सरकार, म्हणजे आपण. ‘बँकेच्या व्यवहारात सरकारने पडू नये’ म्हणणाऱ्यांनी ब्राझील पाहावं. २००८ साली तिथे नियम झाला : अ‍ॅमेझॉन भागात शेतीकर्ज हवं तर जमिनीचे कागद आणि पर्यावरणाचे नियम पाळल्याचा पुरावा आणा. जंगलतोड आधीच उतरू लागली होती. उपग्रहाची नजर होती, दंड होते. तरी गुरांच्या कुरणांसाठी जंगल जात होतं तिथे कर्जाची नाडी आवळल्याचा परिणाम अभ्यासकांना स्पष्ट दिसला. २००४ साली २७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल तुटलं होतं, २०१२ साली साडेचार हजारांच्या आसपास.

आता दुसरी बाजू. त्याच २००८ साली अ‍ॅमेझॉन वाचवण्याचा निधी तिथल्या सरकारी विकास बँकेकडे, बीएनडीईएसकडे, आला. पुढे नॉर्वेने त्यात भरपूर पैसा ओतला. आणि हीच बँक जेबीएस या अवाढव्य मांस कंपनीची भागीदार! २०१२ साली तिने शिंगू नदीवरच्या बेलो मोंते धरणाला २२.५ अब्ज रेआलचं कर्ज मंजूर केलं. एका हाताने रोप, दुसऱ्या हाताने कुऱ्हाड.

म्हणून मला वेगळ्या ‘हरित निधी’चं कौतुक नाही. आपल्या नाबार्डने जर्मनीच्या सरकारी बँकेच्या मदतीने नगरसारख्या जिल्ह्यांत पाणलोटाची चांगली कामं केली, मान्य. पण अट नेहमीच्या, मोठ्या कर्जाला हवी. वर्गातल्या मुलीला तुटपुंज्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार सगळं आणायला मी सांगतो. मग दुष्काळी तालुक्यातल्या साखर कारखान्याला कर्ज देताना ‘उसाला पाणी कुठून आणणार?’ हा एक रकाना जड का व्हावा?

‘यात गरीब शेतकरी मरेल’ म्हणाल, तर ब्राझीलने लहान शेतकऱ्यांसाठी अटी सैल ठेवल्या होत्या. आपणही ठेवू. कारखान्यासाठी मात्र नाही.