बसलेला आवाज घशाचाच असतो असे नाही



बैल घेताना आपण त्याचे दात मोजतो, चालवून पाहतो. पण स्वतःचा आवाज बसला की घसा कोणाला न दाखवताच महिनोन्‌महिने गोळ्या घेतो. ही रीत आम्हांस मान्य नाही. सर्दीने बसलेला आवाज मिठाच्या गुळण्यांनी व विश्रांतीने दोन आठवड्यांत बहुधा सुटतो. चार आठवड्यांनीही सुटला नाही, तर घसा तपासून घ्यावा. श्वास अडत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर तितकेही थांबू नये.

स्वरतंतू हलतात ते मज्जातंतूंमुळे. डाव्या बाजूचा मज्जातंतू छातीत उतरतो आणि महाधमनीला वळसा घालून घशात परततो. म्हणून छातीतल्या गाठीनेही आवाज फुसका होतो, पाणी पिताना ठसका लागतो. कंपवातात आवाज क्षीण व एकसुरी होतो. १९८६ साली गोव्यात पोप जॉन पॉल दुसरे यांना ऐकलेल्यांना त्यांचा अखेरच्या वर्षांतील आवाज आठवत असेल. त्यांना कंपवातच होता.

आणखी एका विकारात बोलताना आवाज गुदमरतो, तुटतो. गाताना वा हसताना मात्र पुष्कळदा मोकळा असतो. आमच्या एका भगिनीचे असेच झाले. मिस्सेत गाते, मग बोलताना अडते कशी? लोक म्हणाले, सोंग आहे. आम्हांसही तसेच वाटले. पुढे निदान झाले, तेव्हा आम्ही तिची क्षमा मागितली. या विकारावर स्वरतंतूंच्या स्नायूंत इंजेक्शन देतात. त्याने काही महिने आराम पडतो.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आरशाने वा दुर्बिणीने स्वरतंतू हलताना पाहिले पाहिजेत. ते ‘आ’ लांबवायला, खोकायला, गायला, आकडे मोजायला सांगतील. त्यात लाजू नये. ती परीक्षाच आहे. मोजता मोजता आवाज विरला आणि विसाव्याने परतला, तर स्नायू थकवणाऱ्या रोगाची शंका येते. मग मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जावे लागते.

घरच्यांनी जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: आवाज कधीपासून बिघडला, दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त बिघडतो, ठसका लागतो काय, अक्षर बारीक झाले काय. आणि निदान होईपर्यंत कोणाच्याही आवाजाला सोंग म्हणू नये. आमची चूक आपण करू नये, एवढीच विनंती.