‘हो सर, होऊन जाईल’ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे!

लॉन मेंटेनन्स करणारे बरेच जण विचारतात, सर, कस्टमर चिडलेला असताना पॉझिटिव्ह कसं राहायचं? माझं मत जरा कडू लागेल. त्याला चिडायची वेळ बहुतेकदा आपणच आणलेली असते.

लव्हाळ्याचंच घ्या. पावसाळ्यात लॉनमध्ये लव्हाळा दिसला की सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. आपण गोड आवाजात म्हणतो, ‘हो सर, उद्या काढून टाकतो.’ माणूस जातो, वरवर उपटून येतो. पण गाठी जमिनीतच राहिल्या ना! थोड्याच दिवसांत कोंब परत वर. मग सेक्रेटरी म्हणतात, तुम्ही फसवता. त्यांचं काय चुकलं?

त्यापेक्षा पहिल्याच दिवशी खुरप्याने एक गाठ खणून त्यांच्या हातावर ठेवा. ‘काका, मूळ हे आहे. एका फेरीत जाणार नाही, पूर्ण सीझन मागे लागावं लागेल.’ चेहरा पडेल. पडू दे.

भर उन्हाळ्यात ‘एकदम बारीक कापा, परत लवकर नको’ म्हणणारेही भेटतात. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं तर गवताला झटका बसतो, पिवळं पडतं. हे हसत सांगता येतं की! आंब्याच्या दाट सावलीत लॉन मागितलं, तर नाही म्हणा आणि सावलीत जगणारी झाडं सुचवा. (बिल थोडं कमी होईल, माहितीये.)

आणि रविवारी फोन आला तर उचला. ‘बघतो’ नको. ‘मंगळवारी सकाळी आठला येतो’ म्हणा, आणि आठला जा.